नवसागर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला महिनाभर मासे सोडायचे नसतात, हे घरी सांगायचं मी विसरलो. ऐंशी लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने कालवलेलं सुमारे पावणेतीन किलो मीठ आणि बुडबुडणारा पंप बघून आईने विचारलं, "यात लोणच्याच्या कैऱ्या मुरवायच्यात का?"

मी शास्त्र सांगितलं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि त्यानेच गुदमरतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. म्हणून आधी झाडूवाले नेमायचे, मग भाडेकरू आणायचे. हे जिवाणू बाटलीत मिळतात.

"विरजण," आई म्हणाली. माझी दहा मिनिटं फुकट गेली. बाटलीची किंमत मात्र मी अर्धीच सांगितली.

मासे येईपर्यंत या मंडळींना जेवण म्हणून अमोनिया घालावा लागतो, म्हणजे नवसागर. जुन्या वाण्याकडे गेलो. नवसागर म्हटलं की कल्हई नाहीतर हातभट्टी. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "किती किलो?" मी म्हटलं, "अर्धा ग्रॅम." तेव्हा त्याला खरा संशय आला. शेवटी शुद्ध माल प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून आणला.

आठवडा झाला तरी अमोनिया तसाच. चाचणीच्या नळीतल्या पाण्याचा रंग तक्त्याशी जुळवायचं काम आईने आपणहून घेतलं होतं. साड्यांच्या दुकानात तिने यापेक्षा अवघड छटा ओळखल्यात. "लिंबू नाही हा, पोपटी." रोज पोपटी. मग कळलं, बाटली मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोतून दोन दिवस फिरून आली होती.

"उकळत्या दुधात विरजण घातलंस," आई म्हणाली, "दही कसं लागेल?"

दुसरी बाटली बर्फात घालून आणली. तरी दह्यासारखं रात्रीत काही होईना. या जिवाणूंना दुप्पट व्हायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. अकराव्या दिवशी लिंबू कलर आला. आम्ही पेढे आणणार तोच नायट्राइटची नळी वांगी रंगाची निघाली. पुढे दोन आठवडे वांगी, मग फिकट वांगी, आणि एका सकाळी आईने नळी खिडकीशी धरून जाहीर केलं, "अस्मानी!"

संध्याकाळी दोन क्लाउनफिश आले. उरलेली बाटली फ्रिजच्या दारात आहे. तिच्यावर आईने चिकटपट्टी लावून लिहिलंय : 'विरजण. दह्याचं नाही.'