बोर्लीच्या बाजारात नट गाठण्याची रीत

मुंबईहून दिवेआगरला जायचं तर माणगाव, म्हसळा करत बोर्ली पंचतनातूनच जावं लागतं. समुद्रकिनारा त्यांचा, सुपारीच्या वाड्या त्यांच्या, सुवर्णगणेश त्यांचा; पण गाडीतला नट आधी आमचा. बाजारातला रस्ता कुठल्या ना कुठल्या कारणानं तुंबतोच. गेल्या मे महिन्यात वायरमननं रस्त्यात शिडी लावल्यामुळे काळ्या काचांची एक गाडी तब्बल दहा मिनिटं अडकली. अशी संधी वाया जाऊ नये म्हणून अनुभवातून आलेल्या या सूचना.

खात्री करत बसू नये. गॉगल लावून थंड पाण्याची बाटली मागणारा उजळ माणूस नट धरावा. नाव आठवत नसेल तर ‘तुमची ती मालिका आमच्या घरी सगळे बघतात’ एवढंच म्हणावं, मालिकेचं नाव तो स्वतःच सांगतो. त्या अडकलेल्या गाडीतला नट तिशीतला होता. आमच्या साठीच्या पानवाल्या काकांनी त्याला ‘लहानपणापासून तुमचं काम बघतोय’ असं सांगितलं. तोही ‘थँक्यू काका’ म्हणाला. मुरलेला कलावंत तो हाच.

भूमिका वेगळी, माणूस वेगळा, असल्या शंका काढू नयेत. या नटानं मालिकेत डॉक्टर केला होता. एका मावशींनी पिशवीतून मुलाच्या हाताचा एक्स-रे काढून त्याच्यापुढे केला. त्यानं तो उन्हात धरला, उलटा, आणि गंभीरपणे म्हणाला, ‘काळजी घ्या.’ मावशींचा जीव भांड्यात पडला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई रोज हेच सांगतात, पण त्यांच्यामागे संगीत वाजत नाही. डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे खरेखुरे सर्जन. त्यांनी किती कान बरे केले ते कोण सांगणार? 1970 च्या ‘नटसम्राट’च्या आठवणी मात्र ऐकून आपले कान किटले. निळू फुल्यांचं उलटं. सेवादलात घडलेला सरळ माणूस, पण पडद्यावरचे त्यांचे उद्योग बघून बायाबापड्या त्यांना खरोखरीच्या शिव्या घालत.

ही परंपरा जुनी आहे, लाजायचं कारण नाही. फाळक्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढत. राम अण्णा साळुंके, सीताही तेच. सिनेमात येण्याआधी ते मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. तिथं त्यांच्या हातचं जेवताना कुणी चपला काढल्या असतील, तर पाटावर बसण्यापुरत्याच.

नटाकडे सेल्फी मागावी, विचार मागू नयेत. लागू आणि फुले यांनी इथंच घोळ करून ठेवला. ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावून त्यांनी आपल्या नावावर जमणारी गर्दी थेट सामाजिक कृतज्ञता निधीकडे वळवली, म्हणजे टाळ्या त्यांना आणि पैसे चळवळीत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना. असला नट दिसला तर लांबून नमस्कार करावा. खिशात हात घालावा लागतो. नाना पाटेकरांचा विषय निघाला तर ‘आपलेच’ म्हणावं. जन्म मुरूडचा, पण दिघीहून बोटीत बसलं की खाडीपलीकडे मुरूडच.

(आमच्या नटाचा दोष काही नव्हता. त्या उन्हात त्यानं चाळीस तरी फोटो हसतमुखानं काढू दिले. एवढी मेहनत मी कचेरीत करत नाही.)

आता मुख्य गोष्ट, फोटोची चौकट. मागं केराची कुंडी येऊ देऊ नये, शिडी येऊ देऊ नये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्याकडचे विजेचे खांब ओळीनं आडवे झाले होते. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमननी भर पावसात ते उभे केले. कितीतरी दिवसांनी दिवे आले, त्या रात्री आम्ही आधी मोबाईल चार्जिंगला लावले आणि मग टीव्ही सुरू केला. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही.

नट अडकला त्या दिवशीही आम्ही खालून वायरमनला ओरडलो, ‘ओ दादा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय!’ खांबावरच्या माणसानं बाजूला कुठं व्हायचं? त्यानं पाय वर ओढून घेतले. फोटो छान आलाय, पानाच्या टपरीत लावलाय. नीट बघितलं तर नटाच्या डोक्यावर, वरच्या कडेला, एका बुटाचा तळवा दिसतो.