आमच्या घराण्यातच आहे ते

मराठी माणूस घराण्याबद्दल बोलायला लागला की आधी कुलदैवत येतं, मग मूळ गाव, मग कुणीतरी पणजोबा आणि त्यांची हातची गेलेली जमीन. हल्ली चौथ्या क्रमांकावर शुगर येते. "आमच्या घराण्यातच आहे ते," असं सांगताना आवाजात दुःख असतं. पण नीट कान दिला तर थोडा अभिमानही ऐकू येतो. जमीन गेली, वाडा गेला, शुगर मात्र टिकून आहे. लग्न जमवताना ती पत्रिकेमागे दडवली जाते आणि पहिल्याच दिवाळसणाला दोन्हीकडचे व्याही आपापल्या फास्टिंगचे आणि पीपीचे आकडे सांगत एकमेकांच्या जवळ येतात.

आमच्या आत्याचा या विषयात अधिकार मोठा. कुणाला काय झालं आणि ते कुणाकडून आलं, हे ती तीन पिढ्या मागे जाऊन सांगते. थोरल्या काकांचं बीपी आजोबांचं, धाकट्यांची शुगर आजीची. तिच्या मते रोग वरून खाली येतो आणि मधे माणसाने काही करायचं नसतं. "कपाळात असेल ते चुकत नाही," असं तिची आई म्हणायची. आत्या शिकलेली असल्यामुळे कपाळाच्या जागी जीन म्हणते. बाकी वाक्य तेच.

तिचं अगदीच चूक आहे असं नाही. आईला किंवा वडिलांना टाइप २ मधुमेह असला तर मुलांना तो होण्याचा संभव वाढतो, दोघांनाही असला तर आणखी वाढतो. पण ज्या आजीकडून जीन आले, तिच्याकडूनच शिऱ्यात साखर किती घालायची हेही आलं. चहात दोन चमचे, जेवल्याबरोबर आडवं होणं, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी, हे सगळं एका पिढीकडून दुसरीकडे बिनबोभाट पोचलं. जनुकं तपासायला प्रयोगशाळा लागते. हा दुसरा वारसा रविवारी दुपारी आमच्या जेवणघरात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तिथे "नको" म्हणणाऱ्याला नको असतं, असं कुणी धरत नाही. त्याला अजून पुरेसा आग्रह झालेला नाही, एवढंच धरतात.

आमचे एक मामा स्वतःला या मोजदादीत घेत नाहीत, कारण ते बारीक आहेत. "आमची अंगकाठीच सडपातळ, आम्हाला कसली होतेय शुगर," असं म्हणत ते तिसरी जिलबी उचलतात. अशा मामांसाठी एक फोटो प्रसिद्ध झालेला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा लंडनकरांची ९.१ टक्के निघाली आणि पुणेकरांची २१.२ टक्के. पुण्याने लंडनला दुपटीहून जास्त फरकाने मागे टाकल्याची ही नोंद आहे, पण पुणेकरांना ती कुठे मिरवता आलेली नाही.

मी हा फोटो मामांना दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि "हे दोघेही तब्येतीने बरे दिसतात," एवढंच म्हणाले.

ही आत दडलेली चरबी येते कुठून, याचा माग याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेत आले आहेत. १९९३ मध्ये त्यांनी तिथल्या बायका, त्यांची गरोदरपणं आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या ज्या बाळांशी तुलना केली ती साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण चरबीच्या बाबतीत त्या मानाने फारशी मागे नाहीत. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे मामांच्या सडपातळपणातली मेख त्यांच्या बारशाच्याही आधीची असू शकते. ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं वजनाने बरी निघाली. ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीटशी दाद देईनासं झालेलं दिसलं.

हे वाचल्यावर मी आत्याची वंशावळ पुन्हा डोळ्यांपुढे आणली. तिच्यात आजोबा आहेत, त्यांचे भाऊ आहेत, गावाला राहिलेले चुलत आजोबा आहेत. ताट कुणाचंच नाही. आमच्या घरात बायका शेवटी जेवायच्या. दूध मुलांना, भाजी पुरुषांना, आणि ज्या सुनेच्या पोटात पुढची पिढी वाढत होती तिला पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी आणि भात. घराण्याचं पुढचं आरोग्य बरंचसं त्या पातेल्यात ठरत होतं, आणि पुरुषमंडळी ओसरीवर पान जुळवत नशिबाची चर्चा करत होती.

आता जे रक्तात आलं ते आलं, पुढे काय? इथे शास्त्रज्ञ आत्याहून जास्त आशावादी आहेत. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. सगळे शुगरच्या उंबऱ्यावर उभे असलेले, म्हणजे आपल्या भाषेत 'बॉर्डरवर'. काहींना बेताचं खायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायला लावलं, काहींना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिलं, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. २००२ मध्ये निकाल आला: दिखाऊ गोळीवाल्यांच्या तुलनेत चालणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनवाल्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. चेन्नईला ५३१ लोकांवर असाच प्रयोग झाला. तिथे खाण्याचालण्यातल्या बदलाने प्रमाण २८.५ टक्क्यांनी खाली आलं, आणि जोडीला औषध देऊनही त्याहून जास्त फायदा झाला नाही.

"पण त्यांच्यात जीन नसेल," आत्या म्हणाली. हेही तपासून झालं आहे. टीसीएफ७एल२ नावाच्या जीनचा मधुमेहाचा धोका वाढवणारा एक प्रकार २००६ मध्ये सापडला. त्याचं नाव आत्याच्या तोंडात बसेना, म्हणून ती त्याला 'तो मेला' म्हणते. तर त्याच अमेरिकन प्रयोगातल्या ज्या लोकांना हा मेला आईकडून आणि वडिलांकडूनही मिळालेला होता, त्यांचं रक्त पाहिलं. दिखाऊ गोळीवाल्या गटात त्याने चांगलाच प्रताप दाखवला होता. खाणंचालणं सुधारलेल्या गटात मात्र त्याचा जोर बराच ओसरलेला होता.

हृदयाचंही असंच आहे. २०१६ मध्ये पन्नास हजारांवर लोकांची माहिती तपासून एक निष्कर्ष आला: जनुकांमुळे ज्यांना हृदयविकाराचा धोका सर्वांत जास्त, त्यांच्यातही चांगली राहणी ठेवणाऱ्यांचा धोका, न ठेवणाऱ्यांच्या मानाने, ४६ टक्क्यांनी कमी. आणि चांगली राहणी म्हणजे काय, तर सिगारेट न ओढणं, लठ्ठ नसणं, नियमित हालचाल आणि बरा आहार, यांतल्या किमान तीन गोष्टी. हे वाचून मला हायसं वाटलं. 'खालीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा' अशा पद्धतीच्या परीक्षेला आम्ही लहानपणापासून बसत आलो आहोत. सिगारेट मी कधी ओढलीच नाही, तेव्हा एका प्रश्नाचे गुण आधीच पदरात.

सगळंच ताटात नसतं, हेही खरं. सिकल सेल किंवा थॅलेसेमिया घेऊन जन्मलेल्या मुलाचा आजार चालण्याने जात नाही. काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच भलतं चढलेलं असतं आणि ऐन तरुणपणी झटका येतो; तिथे भाजीभाकरी चांगलीच, पण गोळ्या घ्याव्याच लागतात. अशा माणसाला "रोज जरा फिरत जा, सगळं ठीक होईल" असं सांगणारे नातेवाईक मात्र प्रत्येक घराण्यात असतात, आणि त्यांच्यावर अजून कुठे औषध निघालेलं नाही.

बाकीच्यांना शतपावली आहे. जेवल्यावर थोडं चाललं की हलणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट पाहत नाहीत. हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नसावं, पण ते चालायचे. आम्ही मात्र त्यांची शुगर जपली आणि पावलं टाकून दिली.

आत्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, म्हणजे आता दोष रक्ताचा नाही, स्वयंपाकघराचा. आणि स्वयंपाकघर म्हणजे मीच ना? त्यापेक्षा रक्ताचा होता तेच बरं होतं. कुणी कुणाला बोलत तरी नव्हतं."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. "घराण्यातच आहे" या वाक्यात एक दया होती. त्याने आजारी माणसाला अपराधी ठरवलं नाही आणि रांधणारीलाही नाही. आता खापर रक्तावरून काढून पोळपाटावर फोडायचं, हा काही न्याय नव्हे. आत्या आग्रह करते हे खरं. पण साखर, तेल आणि फरसाण पिशवी भरभरून आणतात काका, तिसरी जिलबी उचलतात मामा, आणि जेवून सोफ्यावर लवंडतो तो मी.

तेव्हा आम्ही एका रविवारी सगळ्यांसमक्ष रीतसर वाटणी केली. जीन आजोबांच्या नावावर राहिले, ते आता बदलून मिळणार नाहीत. आग्रहाला आवर घालणं आत्याकडे. पिशवीत काय यायचं आणि काय नाही, ते काकांकडे. सुनांनी सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसायचं आणि दूध-भाजी आधी त्यांच्या पानात पडायची, हे बघणं साऱ्या पुरुषांकडे. शतपावली ज्याची त्याने करायची, मामांनीसुद्धा. आमच्या घराण्यात आजवर ज्या वाटण्या झाल्या त्या सगळ्या भांडणाने गाजल्या. ही पहिलीच, जिच्यात आपला हिस्सा उचलायला कुणी पुढे येईना.