झालंच म्हणून समजा

बीडमध्ये घर बांधायला काढलेल्या माणसाला आधी प्लॉट मिळतो, मग बँकेचं कर्ज मिळतं आणि मग आण्णा मिळतात. पहिल्या दोघांची कागदपत्रं असतात. आण्णांचं सगळं तोंडी.

आण्णा गुत्तेदार आहेत. वय पन्नाशीचं, शर्ट पांढरा, खिशात दोन मोबाईल आणि पाच मीटरची टेप. 'नाही' हा शब्द त्यांनी आजवर कुणाला ऐकवलेला नाही. दिवाळीत घरभरणी होईल का? "झालंच म्हणून समजा." जिना उत्तरेला घेता येईल का? "घेऊ की, मालक." शेजारी हद्दीवरून भांडायला आला, तर त्यालाही आण्णा हेच सांगतात. आणि तोही समाधानानं घरी जातो. अमेरिकेत फिशर आणि युरी या दोघांनी 1981 साली वाटाघाटींवर 'गेटिंग टू येस' नावाचं पुस्तक लिहिलं. समोरच्यासोबत होकारापर्यंत कसं पोचावं, हा त्याचा विषय. आण्णांना त्याचा उपयोग नाही. त्यांचा होकार पहिल्या चहाआधीच झालेला असतो. वाटाघाटी त्यानंतर सुरू होतात.

त्या पायापासूनच सुरू होतात. आपल्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळणार, पावसात फुगणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, हे ठरलेलं असतं. मुरूम कुठं लागला, हे मात्र आण्णा ठरवतात. खोदकाम गुत्त्यात धरलेलं असेल तर तो चार फुटांवर लागतो. जेसीबीचे तास मालकाच्या अंगावर असतील, तर त्याच प्लॉटमध्ये तो आठ फूट खाली जातो. मालक खड्ड्यात वाकून बघतो. त्याला माती दिसते. "मालक, पाया म्हंजी आईबाप हायेत. तिथं कंजूषी करू नका," असं म्हणून आण्णा जेसीबीवाल्याला हात करतात.

मालासाठी त्यांचा आवाज वेगळा. विटांचं ते खुल्या गळ्यानं बोलतात: परळीच्या थर्मलच्या राखेच्या विटा चांगल्या की भट्टीच्या लाल, यावर अर्धा तास. उत्तर शेवटी आदल्या दिवशी कोणत्या विटेची गाडी भरून निघालीय त्यावर. वाळूचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. वाळू गोदावरीची, गेवराईकडून येते, रात्री येते, एवढंच कळतं. ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे मालकाला पाठ असतं. पण ट्रॉलीत भरतात किती, असं विचारलं की नेमका आण्णांना फोन येतो.

मिस्त्रीला ते मालकासमोर झापतात. "अरे, वळंबा लावलाय का तसंच चढवायला भिंत? मालकाचा पैसा फुकटचा हाय का?" मिस्त्री मान खाली घालून ऐकतो. मालकाला वाटतं, काय हा माणूस, माझ्यासाठी घरच्यासारखा भांडतोय! मालकाची मोटारसायकल वळली की दोघं एकाच पुडीतून तंबाखू मळतात. असं बोलून घेण्याचे पैसे मिस्त्रीच्या हजेरीत धरलेले असतात.

पण आण्णांची खरी कला दिसते ती स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी. सळई बांधून झालेली, सिमेंट उतरलेलं, मिक्सर आणि लिफ्ट ठरलेली, चाळीस माणसांच्या जेवणाचं आचाऱ्याला सांगितलेलं. पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपही गेलेलं. अशा वेळी आण्णा घरी येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि पंख्याकडं बघतात. चहा होतो. मग हळूच: "मालक, पोरं काय म्हणायलेत, उचल पायजे. मला काय, मी थांबतो. तुमचं माझं काय येगळं हाय का?" मालक म्हणतो, आपलं तर लिहून ठरलंय. "ठरलंयच की! पण कारखान्यांनी जानेवारी 2024 मधी ऊसतोडीला 34 टक्के वाढवून दिले. माझ्या पोरांनी बी पेपर वाचलाय, मालक. आता कसं करावं मग?" 'कसं करावं मग' हे विचारून ते गप्प बसतात. या गप्प बसण्यापुढं मी मी म्हणणारे प्राध्यापक पाकीट काढताना पाहिलेत.

दिवाळीनंतर तर त्यांच्या हातात हुकमाचं पानच येतं. जिल्ह्यातली लाखो माणसं टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं ऊस तोडायला जातात. "लेबर कोयत्याला गेलं." या तीन शब्दांवर कुणाला उलट बोलता येत नाही, कारण ते खरं असतं. फक्त आण्णांच्या कामावरचा फरशीवाला, जो जन्मात उसाच्या फडात गेला नाही, तोही त्यातच मोजला जातो. उशिराबद्दल फारच बोललं तर त्यांच्याकडं दाखला तयार असतो: "1995 ला मंजूर झालेली रेल्वे बीडला पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. आन् आपलं तर नुसतं प्लास्टर राहिलंय."

एका ठिकाणी मात्र त्यांच्याशी घासाघीस करू नये. स्लॅब पडला की सेंटरिंगचं भाडं रोज चढतं, म्हणून टेकू काढायची आण्णांना घाई. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 सांगतं, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14. नवा इंजिनिअर चौदा म्हणतो, आण्णा आठ म्हणतात आणि मालक मधे पडून अकरावर तोडगा काढतो. हा तोडगा मूर्खपणाचा आहे. सिमेंटला आण्णांचं बोलणं ऐकू येत नाही. हॉल मोठा असेल तर चौदा म्हणजे चौदा, आणि तोवर पाणी. टँकरचे पैसे कुणाचे, हे भांडण नंतर करावं.

शेवटी मोजमाप. टेपचं शून्याचं टोक आण्णा मालकाच्या हातात देतात, "धरा बरं घट्ट, मालक." आणि आकड्याचं टोक घेऊन स्वतः लांब जातात. मालक घट्ट धरून उभा. तिकडून आकडा येतो. छज्जा स्लॅबमध्ये येतो, परफळी वेगळी, हौद वेगळा, आणि जिना दोन बाजूंनी मोजला जातो. एकदा चढताना, एकदा उतरताना असावा.

या सगळ्यात आण्णांना हरवलेलं मी एकाच व्यक्तीला पाहिलंय. अंबाजोगाई रोडवरच्या एका घरच्या आजी. त्या साइटवर खुर्ची टाकून बसायच्या. "लेकरा, तुझं आजोळ धारूरचं ना? तुझी माय कशी हाय?" इथंच आण्णा ढिले झाले. देवघराचा कोनाडा फुकट निघाला, ओट्याखालची फरशी फुकट निघाली. मोजमापाच्या दिवशी आजी उठल्या आणि म्हणाल्या, "तू धर ते टोक. आकडा मी बघते." आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा शून्य धरलं. हिशोब मिनिटात मिटला आणि आजींनी त्यांना पुरणपोळीवर तूप जास्त वाढलं.

तुम्हाला बीडमध्ये घर बांधायचं असेल तर छज्जा, परफळी, हौद आणि जिना गुत्त्यात धरलेत का, हे इसार देण्याआधी लिहून घ्या. खोदकाम कुणाकडं, टँकर कुणाचा, हेही. घरात आजी असतील तर त्यांना साइटवर न्या. आणि एवढं करून काम आण्णांनाच द्या. दुसरा गुत्तेदारही हेच सगळं करतो, वर त्याला बोलताही येत नाही.