सी लाल, ई ओसाड

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मुलुंड-बोरिवलीत घरोघरी कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या पोरांनी उपनगरांवर एक संस्कार केला: हार्ड डिस्क अखंड ठेवायची नाही. वन रूम किचनमध्ये प्लायवूड ठोकून थोरल्याचा संसार मांडणाऱ्यांना हे पटवावं लागलंच नाही. सी विंडोजला, डी प्रोग्रॅमला, ई डेटाला, उरलेला एफ गाण्या-पिक्चरला. (ए आणि बी फ्लॉपीच्या नावावर. फ्लॉपी कधीच गेली, ताबा मात्र सुटलेला नाही.)

एकेकाळी याला कारण होतं. फॅट१६ या तेव्हाच्या फाइल सिस्टिमला २ जीबीपुढचं पार्टिशन झेपत नसे. फॅट३२ आलं १९९६च्या सुमारास. शिवाय विंडोज अधूनमधून आजारी पडायचंच. सी फॉरमॅट मारला तरी ई मधले मुंजीचे फोटो वाचायचे. योजना झकास! फक्त डेस्कटॉप नावाची जागा सी मध्येच असते आणि आपण सगळं तिथेच टाकतो. म्हणून सीची पट्टी लालभडक, ई ओसाड. डी मधल्या प्रोग्रॅमांची नोंद तरी कुठे? सी मधल्या रजिस्ट्रीत. सी पुसला की त्यातले बरेचसे नुसते जागा अडवून बसतात.

घाटकोपरच्या एका काकांना विचारलं, बॅकअप घेता ना?

"म्हणजे काय! डीचा ईवर, ईचा एफवर."

डिस्क एकच. ती बसली तेव्हा चारही ड्राइव्ह गुण्यागोविंदाने एकदमच गेले. काकांनी आता १ टीबीची मागवलीय. जोडणाऱ्याला बजावून ठेवलंय, "या खेपेला पार्टिशन सहा पाड."