मान डोलावणारा श्रोता

निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, मी घोडा घेतला. तोही रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. नाव तुफान. पहिल्याच महिन्यात त्याचा एक गुण मला फार भावला. दुडक्या चालीत असताना मी पाठीवरून काहीही बोललो की तो मान डोलवायचा. हल्लीची पोरं ऐकत नाहीत, म्हटलं, मान हलली. पूर्वीचं पुणं राहिलं नाही, म्हटलं, पुन्हा हलली. इतका समजूतदार श्रोता मला घरी सोडाच, कट्ट्यावरही मिळाला नव्हता.

"साहेब, तो हो म्हणत नाहीये," सईस एके दिवशी न राहवून बोलला. "लंगडतोय."

घोड्याचा साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातला दुखरा पाय टेकला की तो डोकं वर उचलून भार चोरतो, धड पाय टेकला की डोकं खाली. म्हणजे महिनाभर मी ज्याला अनुमोदन समजत होतो, ती तक्रार होती.

मग सल्ले सुरू झाले. नालबंद म्हणाला, आधीच्या माणसाने नाल वाकडी ठोकली आहे. आधीचा माणूस तोच होता, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं नाही. सईसाचं मत खांद्यावर, शेजारणीचं दृष्टीवर. स्वतः दोन्ही वाट्या बदलून घेतलेल्या मेहुण्यांनी गुडघा नक्की केला. घोड्याचा पुढचा गुडघा म्हणजे हाडांच्या रचनेत आपलं मनगट, हे ऐकल्यावर ते जरा दुखावले.

डॉक्टर आले त्या दिवशी तुफान वरातीतल्यासारखा ठुमकत चालला. वर्तुळात पळवल्यावर मात्र बिंग फुटलं. चिमट्याने खूर दाबून पाहिले. आत पू नाही. पाय मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच पळवला. (माझ्या वयाच्या कुणालाही असं पळवून पाहा.) मग खुरापासून वर एकेक टप्पा सुईने बधिर करत जायचं, जिथे लंगडणं थांबेल तिथे दुखणं. दोन टप्पे झाले, लंगडणं जैसे थे. तिसऱ्याला तुफानने डॉक्टरांना जवळ येऊ दिलं नाही. एक्स-रे स्वच्छ. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कुणालाच कळेना. पेंड मात्र ते वेळच्या वेळी खात होतं.

"शून्य ते पाचमध्ये दोन," डॉक्टर म्हणाले. "सरळ चालताना फारसं दिसत नाही. वळणावर, कठीण जमिनीवर किंवा पाठीवर वजन असताना दिसतं." 'वजन' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नसतं तरी चाललं असतं.

उपाय ठरला: सहा आठवडे स्वारी बंद. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं हाताने धरून, मऊ जमिनीवर चालवायचं. घोडा का अडला, तर फिरवला नाही म्हणून, हे लहानपणी घोकलेलं उत्तर असं म्हातारपणी कामाला आलं. सईसाच्या पगारात न बसणारं हे काम माझ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात मी त्याला फिरवत होतो. तिसऱ्यात चढावर मी कमरेवर हात ठेवून थांबलो की तो थांबायचा, मागे वळून बघायचा आणि माझा श्वास जागेवर आल्यावरच पाऊल उचलायचा.

सहा आठवड्यांनी परवानगी मिळाली. लंगडण्याचं कारण आजवर कळलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, एखादा ताणलेला तंतू विश्रांतीने बरा झाला असावा. सईस म्हणतो, साहेबांचे पाच किलो उतरले, त्याचा हा गुण. नालबंद म्हणतो, या वेळी नाल त्याने स्वतः ठोकली.

परवा पाठीवर बसलो, कच्च्या रस्त्यावर पाच मिनिटं दुडकी घेतली. न राहवून म्हणालो, "तुफान, पूर्वीचं पुणं राहिलं नाही रे."

त्याने मान हलवली नाही.

इतका आनंद मला कुणी माझं म्हणणं खोडून काढल्यावर कधी झाला नव्हता.