साडेतीन मुहूर्त आणि एक लॅपटॉप

आपल्याकडे लॅपटॉप म्हातारा होत नाही, तो ‘चालतोय की अजून’ या पदाला पोहोचतो. बिजागरी सुटली की मागे जाडजूड शब्दकोश टेकवायचा, चार्जरची पिन एका ठरावीक कोनात दाबून धरायची आणि पंख्याच्या घरघरीत मीटिंग उरकायची. नवा घ्यायचा विषय निघाला की घरोघरी तज्ज्ञ उगवतात: दसऱ्याला ऑफर येतील, पाडव्यापर्यंत नवा प्रोसेसर येईल, बजेटनंतर भाव उतरतील. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा लागते, म्हणून धडधाकट यंत्रांनाही सक्तीची निवृत्ती. तरी मंडळी थांबलीच. तेवढ्यात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सवर ताव मारला आणि वर्षाखेरीस रॅमचे भाव भडकले. आता तज्ज्ञ म्हणतात, ‘तेव्हाच घ्यायचा होता!’ खरे तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, बॅटरी बदलली, तर कित्येक जुनी यंत्रे पुन्हा पळू लागतात, तेही काही हजारांत. पण एवढ्या स्वस्तातल्या शहाणपणाला विचारतो कोण? एसएसडी बसवली म्हणून सोसायटीत पेढे थोडेच वाटता येतात!