चंदगड तालुका वगळून

मी बँकेत शाखाधिकारी आहे. कुठल्या बँकेत ते विचारू नका, पगार तिथूनच येतो. मध्यंतरी मला कशाचंच काही वाटेनासं झालं. कर्जदार रडला तरी नाही, त्यानं हप्ता भरला तरी नाही. पुण्याच्या पुतणीनं "काकू, हा बर्नआऊट" असं निदान केलं आणि एक ऑनलाइन समुपदेशक गाठून दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली या प्रकाराची दखल घेतली, पण आजार म्हणून नव्हे, कामापायी होणारा त्रास म्हणून. म्हणजे रजेचा अर्ज करायचीही सोय नाही!

"मॅडम, तुम्ही सीमा आखायला शिका," समुपदेशक बाई म्हणाल्या.

हे चंदगडच्या बाईला सांगायचं म्हणजे कमाल झाली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला, पण चंदगड तालुका वगळून. आम्ही कोल्हापूरला आलो. रेघ दिल्लीत पक्की झाली. मात्र लग्नाचा बस्ता, आजीचा मोतीबिंदू आणि पोरांचे क्लास अजून बेळगावलाच. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. माणूस तरी काय करणार?

माझ्या घराची सीमा याहूनही कच्ची. शाखेचं शटर ओढून घरी यावं, तर सातला वरिष्ठांची व्हीसी. कॅमेरा चालूच हवा असा दंडक. मार्चअखेर आणि ओल्या काजूचा हंगाम एकदमच येतात, हे वरच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नसावं. मग लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर, खांद्यापर्यंत इस्त्रीची साडी, आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या मांडीवर काजूगरांची परात. खोबरेल चोपडलं तरी चीक बोटं भाजतोच.

"एनपीए किती?"

"उतरतोय सर," मी. इतक्यात कुकरनं शिट्टी दिली.

"मॅडम, तुम्ही स्टेशनवर आहात का?"

चंदगडात रेल्वे नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच रेल्वेचंही टार्गेट यायचं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असं निघालं. आकडे ह्यांना वाचून दाखवले. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी? एवढं कोण करतं?"

सुप्रिया सुळ्यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क त्यात होता. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी सासूबाईंना तो लागू झाला असता, असं मला वाटत नाही. त्यांची हाक फोनवरून येत नाही.

तरीही मी नेट लावला. "संध्याकाळी सातनंतर फोन बंद" असं सगळ्यांना कळवून टाकलं. साहेबांनी "नोटेड" असं उत्तर दिलं आणि त्यांची व्हीसी साडेसहाला आली. जुलैत मात्र पाऊस मदतीला धावला. झड लागली, वीज गेली, पाठोपाठ नेटवर्क गेलं. कुणाला नाही म्हणावं लागलं नाही, कुणाचा राग ओढवला नाही. मी पाय वर घेऊन बसले.

तेवढ्यात दारात बॅटरीचा उजेड. आमचे एक काजू कारखानदार ग्राहक, इरलं म्हणावं असा ऐसपैस रेनकोट निथळवत उभे. (त्यांच्या कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांची काळी पडलेली बोटं आठवली, की माझा बर्नआऊट सांगायला मला जरा लाज वाटते. त्यांना समुपदेशक कोण गाठून देणार?)

"म्याडम, फोन लागंना. म्हटलं जाऊनच यावं."

"काका, बँक सकाळी दहाला उघडते," मी आवाजात जमेल तेवढी सीमा आणून म्हणाले.

"व्हय की, म्हाईत हाय," काका पायरीवर पाय पुसत म्हणाले. "म्हणून तर बँकेत गेलो न्हाई, घरात आलो."

आणि सासूबाईंनी त्यांना खुर्ची पुढे सरकवली.